कुर्डू लावायचंय? मुंबईकरांसाठी बियांपासून भाजीपर्यंत सगळं

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की मुंबईतल्या बऱ्याच बागा ओक्याबोक्या दिसायला लागतात. तेरडा पिवळा पडून आडवा झालेला असतो, नर्सरीत थंडीची रोपं अजून आलेली नसतात, आणि नेमकी ह्याच दिवसांत फुलपाखरांची चलती असते, कारण पावसात हिरव्या पाल्यावर पोसलेल्या अळ्यांना आता पंख फुटलेले असतात. त्यांना मध हवा, आणि आपल्या सोसायटीच्या बागेत काय तर अरेका पाम, क्रोटन आणि हिरवळीचा एक तुकडा, म्हणजे त्यांच्या दृष्टीने उपासच. ह्या दिवसांसाठी एकच झाड सांग म्हटलं तर मी कुर्डू सांगते.

कुर्डू, कुठे कुठे कुरडू म्हणतात, शास्त्रीय नाव सेलोसिया अर्जेंटिया, माठ आणि राजगिऱ्याच्या कुळातलं. लाल मखमली तुऱ्याचं कोंबड्याचं फूल तुम्ही बघितलं असेल, ते ह्याच जातीचं, माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून बदललेलं रूप आहे. रानातलं कुर्डू सडपातळ असतं, दोन-तीन फूट उंच, अरुंद भाल्यासारखी गुळगुळीत पानं, खोडावर उभ्या रेघा, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला गुलाबी-रुपेरी तुरा. कर्जत-बदलापूरच्या बाजूला सप्टेंबरात लोकलच्या खिडकीतून बाहेर बघितलं की शेताच्या बांधावर, माळावर, रस्त्याच्या कडेला हे तुरे दिसतात. शेतकऱ्याला मात्र हे तण, बाजरीत, भुईमुगात, तुरीत इतकं माजतं की खुरपणी करून करून बायकांचे हात दुखायला लागतात. म्हणजे खत नको, फवारणी नको, कोणी लक्ष दिलं नाही तरी वाढणार, आणि शहरात आपल्याला असंच झाड हवं असतं ना.

एक तुरा हातात धरून जवळून बघा. टोकाला गुलाबी कळ्या, त्याखाली नुकतीच उमललेली फुलं, आणि त्याखाली सगळं रुपेरी पांढरं, कोरडं, बोटाने चोळलं तर कुरकुरणारं. फुलणं खालून वर सरकत जातं, वर नव्या कळ्या येत असतात तेव्हा तळाशी बी पिकून तयार असतं, त्यामुळे एकच तुरा कितीतरी दिवस फुललेला राहतो. प्रत्येक फुलाला पाच कडक पापुद्रे, आत पुंकेसर बुडाशी एकमेकांना जोडून झालेली इवलीशी वाटी. फूल एवढं लहान आणि उथळ असल्यामुळे ग्रास ब्लूसारख्या नखाएवढ्या फुलपाखराची आखूड सोंडसुद्धा मधापर्यंत पोचते, आणि तुरा ताठ असल्यामुळे प्लेन टायगर किंवा कॉमन क्रोसारखं मोठं फुलपाखरू त्यावर पाय रोवून निवांत बसू शकतं. फुलोरी आणि सातेरी मधमाश्या येतात, छोट्या गांधीलमाश्या येतात, आणि एखादा खेकड्यासारखा दिसणारा पांढरा कोळी फुलांच्याच रंगात मिसळून ह्या सगळ्यांची वाट बघत बसलेला असतो. तोही राहू द्या, बाग जिवंत असण्याचं ते लक्षण आहे.

आता बी कुठून आणायचं. नॅशनल पार्कातून नाही, हे आधीच सांगून ठेवते, संरक्षित जंगलातून पान-फूल-बी काहीही उचलायला परवानगी नसते आणि ते योग्यच आहे. नर्सरीत मिळणार नाही, मिळालं तर ते रंगीत प्लूम सेलोसिया असेल. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत कधीतरी कर्जत, मुरबाड, बदलापूर, पालघर कुठेही फिरायला गेलात तर बांधावर सुकत आलेलं कुर्डू शोधायचं, शेत कोणाचं असेल त्याला विचारायचं (तो आनंदाने हो म्हणेल, वर अख्खं झाड उपटून न्या म्हणेल), आणि वेगवेगळ्या झाडांचे एक-एक दोन-दोन तुरे घ्यायचे. एकाच झाडाचे सगळे तुरे ओरबाडू नका, वेगवेगळ्या झाडांचं बी मिसळलेलं असलं की पुढच्या वर्षी पावसाने मोठी ओढ दिली तरी सगळी रोपं एकदम जात नाहीत. दादरला, बोरिवलीला स्टेशनबाहेर पावसात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या मावशींशी ओळख असेल तर त्यांनाही सांगून ठेवा, त्यांच्या घराजवळ कुर्डू असणारच.

तुरा घरी आणल्यावर स्टीलच्या ताटात उलटा धरून हलकेच आपटायचा. सुकलेली बोंडी मधोमध आडवी उकलते, वरचं टोपण निघतं आणि काळंभोर, चकचकीत, मोहरीपेक्षा बारीक चपटं बी ताटात टपटप पडतं. त्याबरोबर भरपूर भुसा पडतो, तो ताट तिरकं धरून हलक्या फुंकरीने उडवला की खाली फक्त काळे दाणे राहतात, सूप असेल तर अजून सोपं. बी लालसर-तपकिरी दिसलं तर कच्चं आहे, ते ठेवू नका. मग दोन दिवस सावलीत वाळवून कागदाची पुडी, पुडीवर कुठून आणलं ते गाव आणि महिना लिहायचा, आणि पुडी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तळाशी थोडे भाजून गार केलेले तांदूळ घालून. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलं तर मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मातीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथेच लोक प्रेमाने घोळ करतात. कुर्डूला गांडूळखत, शेणखत, जीवामृत असं सगळं भरभरून दिलं तर ते कमरेच्या वर वाढतं, पानं मोठी लुसलुशीत होतात, फुलं उशिरा येतात आणि ऑगस्टच्या पहिल्या वादळी पावसात झाड कोलमडतं. हलकी, निचऱ्याची, थोडी उपाशी माती त्याला मानवते. कुंडीसाठी मी तीन भाग तांबडी माती, एक भाग जाडी रेती किंवा विटांचा चुरा आणि एक भाग घरचं कंपोस्ट घेते, त्यापेक्षा जास्त काही नाही. गच्चीवर वजनाची काळजी असेल तर तांबडी माती थोडी कमी करून कोकोपीट घाला, पण कोकोपीट जास्त झालं की पावसाळाभर ते ओलंच राहतं आणि मुळं कुजतात, म्हणून एका भागाच्या वर नको. सोसायटीच्या कंपाउंडमधली जागा असेल तर बहुतेक ती भरणीची असते, वर चार इंच माती आणि खाली बिल्डरने टाकलेलं रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, आणि लोक म्हणतात इथे काही उगवत नाही. कुर्डू उगवतं. वरचे मोठे विटा-सिमेंटचे तुकडे काढा, फावड्याने वीतभर खोल हलवा, पाणी साचत असेल तर थोडा उंचवटा करून घ्या, बस. वाईट जमिनीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघून यावं, मिठी नदीच्या काठी धारावीला लागून जिथे शहराचा कचरा टाकला जायचा त्या जागेवर ते उभं राहिलं आणि १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, आज तिथे दाट झाडी आहे.

पेरणीची वेळ. मुंबईत मान्सून दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून, त्यामुळे जूनचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. मेमध्ये वळवाची एखादी सर आली म्हणून घाई करू नका, मध्ये आठ-दहा दिवस कोरडे गेले की कोवळे अंकुर जळून जातात. बी इतकं बारीक असतं की चिमटीत धरून टाकलं तर सगळं एकाच जागी पडतं, म्हणून चमचाभर बियांत मूठ-दोन मूठ कोरडी रेती मिसळा आणि रांगोळी सोडतो तसं सोडत जा. वर माती लोटायची नाही, फक्त हाताने हलकं दाबायचं. खोल गेलेलं बी उगवत नाही, ते तिथेच पडून राहतं आणि पुढच्या एखाद्या वर्षी माती वरखाली झाली की वर येतं. आठवड्याभरात बारीक दोन पानांचे लालसर अंकुर दिसायला लागतात.

पण इथे मुंबईचा पाऊस आडवा येतो. चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पाणी पडतं आपल्याकडे, आणि त्यातला मोठा भाग मोजक्या धो-धो दिवसांत, त्यामुळे उघड्यावर पेरलेलं बी एका रात्रीत गटारात जाऊ शकतं. जमिनीवर पेरत असाल तर पेरल्यावर वाळलेल्या गवताचा अगदी विरळ थर टाका, इतका विरळ की खालची माती दिसली पाहिजे, किंवा नारळाच्या शेंड्या सुट्या करून पसरा, रोपं त्यातून सहज वर येतात. गच्चीवाल्यांनी सरळ ट्रेमध्ये किंवा दह्याच्या डब्यांना भोकं पाडून छज्ज्याखाली रोपं करावीत आणि चार ते सहा पानं झाली की कुंडीत हलवावीत. त्याच्यापुढे वाट बघू नका, मूळ सरळ खाली जाणारं असतं, ते डब्याच्या तळाशी गोल फिरायला लागलं की मग झाड कायमचं खुरटतं. हलवायचं ते संध्याकाळी, ढगाळ दिवशी, मातीच्या गोळ्यासकट.

बारा इंची कुंडीत तीन रोपं, जमिनीवर एकेक वीत अंतर. जास्त दाट ठेवली तर हवा खेळत नाही आणि पानांवर तपकिरी ठिपके पडायला लागतात. काढलेली रोपं फेकू नका, त्याचीच पहिली भाजी होते, त्याबद्दल पुढे सांगते.

उन्हाचा हिशोब खिडकीवाल्यांनी नीट करायला हवा, कारण कुर्डूला रोज पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतं. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो आणि त्यानंतर दक्षिणेकडे सरकत जातो. म्हणजे उत्तरेच्या ग्रिलमध्ये जूनमध्ये लख्ख उजेड बघून तुम्ही खूश होऊन पेरता आणि नेमकं फुलायच्या वेळी सप्टेंबर-ऑक्टोबरला तिथे सावली येते. उलट दक्षिणेच्या खिडकीला जूनमध्ये ऊन नसतं, पण सप्टेंबरपासून भरपूर. म्हणून दक्षिणेची खिडकी असेल तर खुशाल जुलैच्या शेवटी पेरा, झाड बुटकं राहील, दीड फुटाचं, पण तुरे बरोबर ऑक्टोबरात येतील आणि ग्रिलमध्ये ते बुटकंच बरं दिसतं. पूर्व-पश्चिमवाल्यांना समोर टॉवर नसेल तर काही अडचण नाही. फक्त उत्तरेचीच बाजू असेल तर घरात कुर्डूचा नाद सोडा आणि वॉचमनला पटवून खाली कंपाउंडमध्ये जागा मिळवा.

रोप हातभर उंच झालं की शेंडा खुडायचा. सगळ्यात वरची चार बोटं. त्याने दोन गोष्टी होतात, बाजूने फांद्या फुटून एका तुऱ्याच्या जागी आठ-दहा तुरे येतात आणि झाड बसकं राहिल्यामुळे वाऱ्याला टिकतं. हे जुलैच्या मध्यापर्यंत एकदा, फार तर दोनदा. ऑगस्ट लागल्यावर हात लावू नका, तेव्हा झाड कळ्यांच्या तयारीत असतं.

आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी. कुर्डूची भाजी फुलं यायच्या आधीच खायची, नंतर पानं निबर आणि कडवट होतात. पश्चिम आफ्रिकेत, खास करून नायजेरियात, लोक हे मुद्दाम शेतात पालेभाजी म्हणून लावतात, आपल्याकडे ती रानभाजी म्हणून राहिली. कोवळी पानं आणि शेंडे निवडून तीन पाण्यांनी धुवा, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाका आणि ते पाणी फेकून द्या, ह्या कुळातल्या भाज्यांत ऑक्झलेट (मुतखड्याला कारण होणारे क्षार) असतात त्यातली बरीचशी त्या पाण्यात जातात. मग पिळून बारीक चिरायची. कढईत तेल जरा सढळ, ठेचलेला लसूण लालसर होऊ द्यायचा, हिरवी मिरची, भाजीच्या निम्मा तरी कांदा, तो मऊ झाला की अर्धा तास भिजवलेली मूगडाळ घालून झाकण ठेवून वाफ, डाळ बोटाने चेपली गेली की भाजी टाकायची, पाच मिनिटं परतायची, मीठ शेवटी कारण भाजी आळून एवढीशी होते आणि आधी घातलं की हमखास खारट. वरून ओलं खोबरं. तांदळाच्या भाकरीबरोबर खा. किडनी स्टोनचा त्रास असेल त्यांनी बेताने, डॉक्टरांना विचारून. बिया मुतखड्यावर औषध म्हणून गावाकडे देतात, पण ते घरच्या घरी करायचं काम नाही.

एक महत्त्वाचं, भाजी खायची असेल तर माती आणि पाणी कुठलं आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. रेल्वे रुळांच्या कडेला, नाल्याच्या काठी, डेब्रिजच्या ढिगावर उगवलेलं कुर्डू कितीही टवटवीत दिसलं तरी ते फुलपाखरांसाठी, ताटासाठी नाही. सोसायटीच्या भरणीच्या जमिनीबद्दलही मी हेच म्हणेन. खायचं ते कुंडीतलं, स्वतः माती भरलेल्या.

कीड म्हणाल तर दोनच गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय, पावसाळ्यात मुंबईभर असते, दिवसा कुंड्यांच्या मागे भिंतीला चिकटून बसते आणि रात्री एका फेरीत ट्रेभर रोपं फस्त करते. रात्री जेवणं झाली की टॉर्च घेऊन बघायचं, हातात ग्लोव्हज किंवा प्लास्टिकची पिशवी घालूनच उचलायची, तिच्यात माणसाला त्रास देणारे जंत असू शकतात, आणि बादलीत मिठाच्या पाण्यात टाकायची. मीठ कुंडीत टाकू नका, माती खराब होते. गोगलगायी मारायच्या गोळ्याही नकोत, कुत्र्या-मांजरांच्या पोटात जातात. रोपं वीतभर झाली की हा धोका बराच कमी होतो. दुसरी एक हिरवी अळी, पानाखाली बारीक जाळं विणून बसते आणि पान असं खरवडते की मध्ये पारदर्शक खिडक्या दिसायला लागतात, तिचा पुढे तपकिरी पंखांवर पांढरा पट्टा असलेला छोटासा पतंग होतो. फार झाल्या तर ती पानं खुडून टाका, थोड्या असतील तर असू द्या, चिमण्या आणि शिंपी पक्षी त्यांच्यावरच पिल्लं वाढवतात. फवारणी कसलीच नको, नीमतेलसुद्धा नको, किड्यांसाठी लावलेल्या झाडावर किडे मारायचं औषध मारण्यात काय अर्थ आहे सांगा.

पाणी पावसात घालायचंच नाही. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि पालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा आधी त्याच बघतात, आणि बघायलाच हव्यात. कुंड्या विटांवर ठेवा म्हणजे गच्चीच्या पाण्याची वाट अडत नाही आणि वॉटरप्रूफिंगवरून वाद होत नाहीत. पाऊस थांबल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, कुंडीला रोज सकाळी पाणी, जमिनीतल्याला पानं मलूल दिसली तरच.

ऑगस्टच्या शेवटी तुरे दिसायला लागतात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर भर असतो. सकाळी नऊ ते अकरा खुर्ची टाकून बसा, उन्हं अंगावर आली की फुलपाखरं यायला सुरुवात होते. घरात दोन-चार तुरे कापून पाण्याशिवाय नुसत्या बरणीत ठेवले तरी सुकून तसेच महिनोन्महिने राहतात, रंग जरा फिका होतो इतकंच. आमच्याकडे कोकणात नवान्नाला आंब्याच्या पानाबरोबर भाताची लोंबी, नाचणी, झेंडू आणि कुर्डूचं फूल असं एकत्र बांधून दाराला लावतात, मुंबईत ते बाजारातून शोधून आणावं लागतं, तर आपल्याच कुंडीतला एक तुरा त्यात गेला तर किती छान.

सोसायटीत लावत असाल तर खरी अडचण माती नाही, ऊन नाही, ती आहे साफसफाई. महिन्यातून एकदा गवत कापायचं मशीन घेऊन माणूस येतो आणि जे ओळखीचं नाही ते सगळं सपाट करतो, त्याचा दोष नाही, त्याला तेच सांगितलेलं असतं. म्हणून पेरण्याआधी कमिटीला सांगा, माळीदादांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन पान दाखवा, आणि वाफ्याला विटांची सरळ कड लावा. ही कड फार कामाची आहे, तीच झाडं कडेशिवाय असली की लोकांना जंगल माजल्यासारखं वाटतं आणि विटांची ओळ आली की बाग वाटते. "फुलपाखरांची बाग, कृपया कापू नये" अशी पाटी लावा, मुलांकडून रंगवून घ्या, मुलांनी रंगवलेली पाटी कोणी काढत नाही.

डिसेंबरमध्ये झाड सुकतं, पानं गळतात, खोड तपकिरी होतं आणि तुरे पांढुरके पडतात. नेमकं तेव्हा सगळे म्हणतात की आता काढून टाका, घाण दिसतंय. निदान जानेवारी संपेपर्यंत तरी ठेवा हो. त्या तुऱ्यांमध्ये अजून बी असतं, मुनियांसारखे बारीक दाणे टिपणारे पक्षी तुऱ्याला लटकून ते खातात, सुकलेल्या काड्यांमध्ये कोळ्यांची अंडी, पतंगांचे कोष असतात. बाग पर्यावरणासाठी लावली म्हणायचं आणि त्यातला कोरडा अर्धा भाग कचऱ्याच्या गाडीत द्यायचा हे मला पटत नाही. फेब्रुवारीत झाड जमिनीलगत कापा, उपटू नका, मुळं मातीतच कुजली की त्यांच्या वाटा मोकळ्या राहतात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्यातून खाली मुरतं. वरचा भाग हातभर तुकडे करून त्याच वाफ्यावर पसरा. जाळू मात्र नका.

बी किती पडू द्यायचं हे आधी ठरवा, कारण एका तुऱ्यात शेकड्यांनी दाणे असतात. मी निम्मे तुरे नोव्हेंबरात कापून बी काढून घेते, निम्मे पक्ष्यांना आणि जमिनीला. तरीही पुढच्या जूनमध्ये वाफ्यात कुर्डूची दाट लव येणारच, त्यातली हवी तेवढी ठेवून बाकीची कोवळी असतानाच काढा, कुंडीतली असतील तर भाजीला. शेजारच्या कुंडीत आलं तर तेही लगेच काढा. आणि ज्यांची गावाला शेती आहे त्यांनी हे बी तिकडे नेऊ नये, तिथे ते कोणाच्या तरी भुईमुगात जाईल. टेकडीवर, पार्कात, आरेच्या माळावर बियांचे गोळे करून फेकायची हल्ली टूम आहे, तेही नको, जिथे ते असायला हवं तिथे ते आधीच आहे, आणि नसेल तर त्या जागेचं स्वतःचं दुसरं काहीतरी असतं.

ह्याच कारणासाठी ऑनलाइन मिळणारी रानफुलांच्या मिश्र बियांची पाकिटं घेताना पाठीमागची नावं वाचा. बहुतेकांमध्ये पिवळा-केशरी कॉसमॉस असतो, तो मेक्सिकोकडचा, दिसायला सुंदर, पण बागेतून सुटून राज्यात रस्त्यांच्या कडा आणि डोंगरउतार व्यापत चाललाय. घाणेरीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

कुर्डूबरोबर काय लावायचं, तर नुसता मध देऊन फुलपाखरं राहत नाहीत, त्यांच्या अळ्यांनाही पाला लागतो. टाकळा लावा, तोही पावसाचा, तोही भाजीचा, त्यावर ग्रास यलो आणि एमिग्रंट अंडी घालतात. कंपाउंडच्या भिंतीला एक रुई, ती प्लेन टायगरसाठी, फक्त तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कढीपत्ता असेलच घरी, त्यावर हिरवी जाडजूड अळी दिसली तर ती लाइम किंवा कॉमन मॉरमॉनची, चार पानं तिला खाऊ द्या. कोरांटीवर लेमन पॅन्सी येते. आणि घोळ, कुंडीच्या कडेने आपोआप येते ती, उपटू नका, डनाइड एगफ्लायची मादी तिच्याच शोधात फिरत असते. उंची बघून मांडा, मागे रुई आणि कढीपत्ता, मध्ये कुर्डू आणि टाकळा, पुढे कोरांटी आणि घोळ. जागा फक्त दोन कुंड्यांचीच असेल तर एकीत कुर्डू आणि दुसरीत कढीपत्ता.

नर्सरीतलं रंगीत सेलोसिया किंवा कोंबडा आधीपासून असेल तर कुर्डूपासून लांब, शक्यतो दुसऱ्या बाजूच्या खिडकीत ठेवा, एकाच जातीची असल्यामुळे मधमाश्या दोघांचे पराग मिसळू शकतात, आणि मग जे बी तुम्ही पुड्या करून शेजाऱ्यांना वाटाल ते रानातलं कुर्डू आहे असं खात्रीने सांगता येणार नाही. वाटायचं मात्र जरूर, अर्धा चमचा बी एका कुंडीला भरपूर होतं, पुडीवर "जूनमध्ये पेरा, वर माती टाकू नका" एवढं लिहिलं तरी पुरे.